जाणते हात

माणसाचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारणपणे ७० ते ८० वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते. हे कार्य इतके अखंडपणे आणि निमूटपणे चाललेले असते, की ते थांबू शकते हा विचारही सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु कधी कधी ते अचानक थांबते. रस्त्याने चालणारा, कचेरीत काम करणारा किंवा घरात जेवायला बसलेला माणूस एकाएकी कोसळतो. त्या क्षणी जवळ डॉक्टर नसतो, रुग्णवाहिकाही नसते. जवळ असतात ती त्याच्या घरची, शेजारची किंवा सर्वस्वी अनोळखी माणसे. त्या माणसाचे प्राण वाचतील की नाही, हे बहुतांशी या जवळच्या माणसांवर अवलंबून असते. काय करावे हे त्यांना ठाऊक आहे का, आणि ठाऊक असल्यास ते करण्याचे धैर्य त्यांच्यात आहे का, असे दोन प्रश्न येथे उभे राहतात. जे उद्या डॉक्टर किंवा परिचारिका होणार आहेत, निदान त्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तरी या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असावीत, अशी समाजाची अपेक्षा असते. ती कितपत पूर्ण होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

झटका आणि हृदय बंद पडणे

बोलताना ‘हृदयविकाराचा झटका’ आणि ‘हृदय बंद पडणे’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः या दोन भिन्न अवस्था आहेत. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडथळा आला, की स्नायूंचा तेवढा भाग निकामी होऊ लागतो. हा झटका होय. अशा वेळी रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. छातीत दाटून येते, घाम फुटतो, वेदना हाताकडे किंवा जबड्याकडे पसरते. अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच उपाय असतो.

हृदय बंद पडणे ही याहून भयंकर अवस्था आहे. हृदयाची लय बिघडते, स्नायू आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात किंवा स्तब्ध होतात आणि रक्ताभिसरण थांबते. रुग्ण काही सेकंदांतच बेशुद्ध होतो आणि त्याचा नियमित श्वासोच्छ्वास बंद पडतो. झटक्याचे पर्यवसान या अवस्थेत होऊ शकते. मात्र प्रत्येक झटक्यात हृदय बंद पडतेच असे नाही.

मेंदूला प्राणवायूवाचून फार काळ राहता येत नाही. रक्तपुरवठा थांबल्यानंतर चार ते सहा मिनिटांतच मेंदूच्या पेशींना कायमची इजा पोहोचू लागते. काहीच उपचार न झाल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. या काळात छातीवर लयबद्ध दाब देत राहिल्यास थोडे का होईना, रक्त मेंदूपर्यंत पोहोचते. या कृतीलाच वैद्यकाच्या भाषेत ‘सीपीआर’ असे म्हणतात. बंद पडलेले हृदय तिने लगेच सुरू होईलच असे नाही. पण विजेचा उपचार आणि डॉक्टर येईपर्यंत ती मेंदूला जगवते.

दोन हातांचे सामर्थ्य

या कृतीचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स ही प्रख्यात वैद्यकीय संस्था आहे. तेथे विल्यम कौवेनहोवेन हे संशोधक विजेच्या धक्क्याने बंद पडलेले हृदय पुन्हा कसे सुरू करता येईल, याचा अभ्यास करीत होते. ते डॉक्टर नव्हते, तर विद्युत अभियंता होते. त्यांच्यासोबत काम करणारे गाय निकरबॉकर हे त्या वेळी अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. कुत्र्यांवर प्रयोग करताना यंत्राचे जड विद्युतपट्ट छातीवर दाबले, की रक्तदाब किंचित वाढतो, ही गोष्ट निकरबॉकर यांच्या ध्यानात आली. वीज सोडण्यापूर्वी नुसत्या दाबानेच रक्त पुढे ढकलले जात होते! जेम्स ज्यूड या शल्यविशारदाच्या साहाय्याने या निरीक्षणाला उपचाराचे रूप मिळाले आणि १९६० मध्ये या तिघांनी आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात २० रुग्णांची माहिती होती. त्यांपैकी १४ जण वाचले होते. या उपायासाठी शस्त्रक्रियेची वा उपकरणांची गरज नाही, दोन हात असलेला कोणीही मनुष्य कोठेही तो करू शकतो, असा त्या निबंधाचा आशय होता.

त्यापूर्वी छाती उघडून हृदय हातात धरून दाबणे हाच मार्ग होता आणि तो केवळ शल्यविशारदालाच शक्य होता. या शोधामुळे जीव वाचवण्याची किल्ली शस्त्रक्रियागृहातून बाहेर आली आणि सामान्य माणसाच्या हाती पडली. त्याच सुमारास नॉर्वेतील आस्मुंड लेअरडाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. त्या जातीच्या बाहुल्यांवर आजही जगभर हे शिक्षण दिले जाते.

बेंगळुरू : मिनिटांचा हिशेब

बेंगळुरू ही जशी संगणक उद्योगाची, तशीच आरोग्यशिक्षणाचीही नगरी आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय या शहरात आहे. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार अशा विविध शाखांची महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील मुलेमुली शिक्षणासाठी येथे येतात. हृदयरोगावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेली जयदेव ही शासकीय स्वायत्त संस्थाही याच शहरात आहे.

असे असूनही येथील रस्त्यावर कोसळलेल्या माणसासाठी परिस्थिती कठीण असते. टॉमटॉम या संस्थेने केलेल्या वाहतुकीच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये बेंगळुरूच्या मध्यवर्ती भागात १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होते. पुण्याचा आकडा फारसा वेगळा नव्हता. तेथे २७ मिनिटे ५० सेकंद लागत. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. या सेवेने असंख्य लोकांना आधार दिला आहे. तथापि चालक कितीही तत्पर असला, तरी वाहनांच्या गर्दीतून चार मिनिटांत पोहोचणे बहुतेक वेळा त्याच्या हाती नसते. ती चार मिनिटे जवळच्या माणसांचीच असतात.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय अभिनेते पुनीत राजकुमार यांचे बेंगळुरूत हृदयविकाराने आकस्मिक निधन झाले. त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते. नियमित व्यायाम करणाऱ्या तरुण नटाच्या मृत्यूने सारे कर्नाटक हळहळले आणि हृदयाच्या आरोग्याविषयी घरोघरी चर्चा सुरू झाली. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने ‘हृदयज्योती’ योजना चालवली. तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला हृदयालेख जयदेवसारख्या मोठ्या संस्थेतील तज्ज्ञांनी दूरवरून पाहावा, आवश्यक असल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य द्यावे आणि सार्वजनिक ठिकाणी हृदयाला विजेचा झटका देणारी स्वयंचलित यंत्रे बसवावीत, अशी ही योजना आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये याच शहरात घडलेली आणखी एक घटना बोलकी आहे. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात खरेदीसाठी आलेला एक माणूस कोसळला. त्याची नाडी लागत नव्हती. योगायोगाने शेजारच्याच रांगेत एक अस्थिरोगतज्ज्ञ खरेदी करीत होते. त्यांनी दहा मिनिटांहून अधिक काळ छातीवर दाब दिला आणि तो माणूस शुद्धीवर आला. या प्रसंगाचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि त्या डॉक्टरांचे सर्वत्र कौतुक झाले. ते योग्यच होते. पण त्या कौतुकामागे एक अस्वस्थ करणारा प्रश्न दडलेला आहे. शेजारच्या रांगेत डॉक्टर नसते तर काय झाले असते? एखाद्याचे जगणे केवळ योगायोगावर सोपवता येईल काय?

विद्यार्थ्यांना काय ठाऊक असते?

योगायोगावरचे हे अवलंबन कमी करायचे, तर जाणत्या माणसांची संख्या वाढली पाहिजे. आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांकडे या दृष्टीने विशेष लक्ष दिले जाते. असा विद्यार्थी केवळ महाविद्यालयात नसतो. तो बसमध्ये असतो, वसतिगृहात असतो, सणासुदीला आपल्या गावी जातो. त्यामुळे त्यांच्या ज्ञानाची आणि वृत्तीची पाहणी भारतात अनेक ठिकाणी करण्यात आली आहे. दाब छातीच्या कोणत्या भागावर द्यावा, किती खोल द्यावा, मिनिटाला किती वेळा द्यावा, असे प्रश्न ज्ञान तपासण्यासाठी विचारले जातात. अनोळखी माणसाला मदत कराल का, भीती कशाची वाटते, असे प्रश्न वृत्ती जाणून घेण्यासाठी असतात.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली दक्षिण भारतातील एक पाहणी या संदर्भात नेहमी उल्लेखिली जाते. तिच्यात वैद्यक, दंतवैद्यक, होमिओपॅथी आणि परिचर्या या शाखांतील विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, अध्यापक आणि डॉक्टर मिळून १०५४ जणांनी भाग घेतला होता. त्यांच्यापैकी एकालाही जीवनरक्षक प्राथमिक कृतींचे परिपूर्ण ज्ञान नव्हते. जवळजवळ ८५ टक्के जणांना निम्म्याहून कमी गुण मिळाले. देशातील अशा अनेक पाहण्यांतून साधारणपणे एकच चित्र पुढे येते. मदत करण्याची आणि शिकण्याची इच्छा बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या ठायी असते. परंतु नेमके काय करावे याचे ज्ञान अपुरे असते आणि हातांना सराव नसतो.

हे चित्र पाहून विद्यार्थ्यांना दोष देणे उचित होणार नाही. हृदयाची रचना, रक्ताभिसरणाचे तत्त्व, औषधांची नावे हे सारे ते परिश्रमपूर्वक शिकतात. परंतु पोहण्याविषयीचे पुस्तक वाचून जसे पोहता येत नाही, तसेच छातीवर दाब देण्याचे वर्णन वाचून तो देता येत नाही. ही उणीव ध्यानात घेऊन २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमात प्रथमोपचार आणि जीवनरक्षक कृतींचा समावेश करण्यात आला. त्यामुळे डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी आता पहिल्याच वर्षी या विषयाकडे वळतो.

हात का अडखळतात?

ज्ञान असूनही पुष्कळदा हात पुढे होत नाही. त्यामागील कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिली भीती इजा होण्याची असते. जोराने दाबल्यास बरगडी मोडेल, असे वाटते. कधी कधी बरगडी मोडतेही. परंतु मोडलेली बरगडी पुन्हा जुळते, मृत माणूस परत येत नाही. ज्याचे हृदय बंद पडले आहे, त्याच्या बाबतीत काहीही न करणे हीच सर्वांत मोठी इजा होय.

दुसरी भीती पोलिसांची आणि न्यायालयाची. ‘नसते झेंगट कशाला?’ हे वाक्य आपल्याकडे वारंवार ऐकू येते. या बाबतीत कायद्याने सामान्य माणसाची बाजू घेतली आहे. अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी कर्नाटकाने मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा संमत केला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. रस्ते अपघातात सापडलेल्या व्यक्तीला सद्भावनेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे ते कलम सांगते.

तिसरी अडचण अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची. संसर्गाच्या भीतीने पुष्कळ जण येथेच मागे सरतात. परंतु प्रौढ व्यक्ती अचानक कोसळली असता, प्रशिक्षण नसलेल्या माणसाने केवळ छातीवर दाब देत राहिले तरी चालते. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य जनतेसाठी केवळ दाबाचीच सोपी पद्धत सुचवली आहे. बुडालेल्या व्यक्तीला आणि लहान मुलांना मात्र श्वास देणेही महत्त्वाचे असते. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते.

चौथे कारण संकोचाचे आहे. कोसळलेली व्यक्ती स्त्री असेल, तर तिच्या छातीला हात लावण्यास लोक कचरतात. हा संकोच केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्के पुरुषांना, तर स्त्रियांपैकी ३९ टक्के स्त्रियांनाच जवळच्या लोकांकडून ही मदत मिळाल्याचे आढळले. प्राण संकटात असताना संकोच ही फार महाग गोष्ट ठरते.

शेवटचे कारण ओळखण्यातील चुकीचे. हृदय बंद पडल्यावरही काही जण मध्येच आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेतात. ‘श्वास चालू आहे’ असे समजून लोक थांबून राहतात. वास्तविक तो श्वास नव्हे, तर धोक्याची खूण असते.

कृतीचा क्रम

प्रौढ व्यक्ती अचानक कोसळल्यास पुढील क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम आपण आणि ती व्यक्ती सुरक्षित जागी आहोत याची खात्री करून घ्यावी. तिचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबलेला असेल किंवा आचके येत असतील, तर लगेच १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. हे काम जवळच्या एखाद्या व्यक्तीला, तिच्याकडे बोट दाखवून सांगावे. ‘कोणीतरी फोन करा’ असे म्हटल्यास पुष्कळदा कोणीच करीत नाही. जवळपास विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र असल्यास तेही मागवावे. ही सारी पारख दहा सेकंदांत आटोपावी.

नंतर त्या व्यक्तीला कठीण, सपाट जागेवर उताणे निजवून तिच्या बाजूला गुडघे टेकावेत. छातीच्या मध्यभागी असलेल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा. कोपरे ताठ ठेवून, शरीराच्या वजनाने छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल असा दाब द्यावा. तो ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्णपणे वर येऊ द्यावी, कारण तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरते. हे श्रमाचे काम आहे; म्हणून दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यावी. यंत्र आल्यास ते चालू करून त्यातून येणाऱ्या सूचना पाळाव्यात. रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत किंवा वैद्यकीय मदत येईपर्यंत थांबू नये.

शिकणे आणि शिकत राहणे

ही कृती साऱ्या समाजाला शिकवली तर काय घडते, याचे उदाहरण डेन्मार्कने घालून दिले आहे. त्या देशाने शाळांतून आणि वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी हे प्रशिक्षण आवश्यक केले. २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांना जवळच्या माणसांकडून मदत मिळत होती. २०१० मध्ये हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. याच काळात तीस दिवसांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर पोहोचले. रुग्णवाहिका आणि उपचार यांतील सुधारणांचाही यात वाटा होता. परंतु सामान्य नागरिकांच्या सहभागाचे मोल त्यातून स्पष्ट होते.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडत आहेत. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने देशव्यापी जनजागृती कार्यक्रम झाला. त्यात २० लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. असे कार्यक्रम स्वागतार्ह आहेत. मात्र पडद्यावर पाहिलेली कृती डोळ्यांना कळते. हातांना ती बाहुलीवर सराव केल्यावरच कळते. शिवाय हे कौशल्य एकदा शिकून आयुष्यभर पुरत नाही. सराव नसेल तर काही महिन्यांतच ते मंदावू लागते. म्हणून पहिल्या वर्षी शिकलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीही सराव करणे अगत्याचे असते.

बेंगळुरूसारख्या शहरातील विद्यार्थ्यांनी हे कौशल्य खऱ्या अर्थाने आत्मसात केले, तर त्याचा लाभ त्यांच्या महाविद्यालयापुरता राहणार नाही. परिचर्येचे शिक्षण घेणारी मुलगी सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या आईला, भावाला आणि शेजाऱ्यांना ते शिकवू शकते. एका उशीवरदेखील हातांची जागा आणि दाबाची लय दाखवता येते. त्यासाठी पदवीची आवश्यकता नाही. हृदय पुष्कळदा घरातच बंद पडते आणि तेव्हा जवळ असतात ते घरातलेच हात. त्या हातांना काय करायचे हे ठाऊक असणे आणि वेळ आल्यावर त्यांनी न डगमगता पुढे होणे, यातच कोसळलेल्या माणसाची आशा असते. गर्दी जमवणारे बघे पुष्कळ असतात. जाणता हात मात्र एक असला तरी पुरतो.